अस्वल केवढं होतं? थिओडोर रूझवेल्ट यांच्या नजरेची आणि वजनकाट्याची गोष्ट

जत्रेतल्या खेळण्यांच्या दुकानात दोरीला टांगलेला टेडी सगळ्यांनीच पाहिला आहे. हल्ली तर लग्नाच्या रुखवतातही तो मांडलेला दिसतो. हे मऊ अस्वल ज्यांच्या नावावरून जगभर ओळखलं जातं, ते थिओडोर रूझवेल्ट म्हणजे अमेरिकेचे २६ वे राष्ट्राध्यक्ष. पण ज्या खऱ्या अस्वलावरून हे खेळणं निघालं, ते काही मांडीवर बसणारं पिल्लू नव्हतं. ते वाढलेलं जनावर होतं आणि त्याचं वजन २३५ पौंड नोंदलेलं आहे. आपल्या हिशेबात एक क्विंटल आणि वर सहा-सात किलो.

एवढ्या अस्वलाचं पिल्लू कसं झालं, ही एक गोष्ट. दुसरी गोष्ट स्वतः रूझवेल्ट यांची. तरुणपणी त्यांनीही अस्वलाचं वजन नुसत्या नजरेनं ठरवलं होतं. पुढे मात्र त्यांनी शिकारीला जाताना काटा आणि फीत बरोबर न्यायला सुरुवात केली. जंगलातल्या जनावराबद्दल बोलायचं तर मोजून बोलायचं, ही त्यांची सवय होत गेली.

मेलेला सील आणि घडीची पट्टी

थिओडोरचा जन्म २७ ऑक्टोबर १८५८ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. घर श्रीमंत, पण पोराला दम्याचा त्रास. रात्र रात्र उशाला टेकून बसून काढायची. बाहेर खेळणं कमी, म्हणून पुस्तकं आणि प्राणी यांचा नाद लागला.

लहान असतानाच एकदा ब्रॉडवेच्या रस्त्यानं जाताना बाजारात त्याला एक मेलेला सील फळीवर ठेवलेला दिसला. सील म्हणजे समुद्रात राहणारा, माशासारखा पोहणारा सस्तन प्राणी. बाकी लोक बघून पुढे गेले असतील. हा मुलगा मात्र परत परत तिथं जात राहिला. फीत नव्हती, म्हणून खिशातली घडीची पट्टी काढली आणि तिनंच सीलची मापं घेऊन वहीत टिपली. सरळ पट्टीनं गोल अंगाचा घेर मोजायचा म्हणजे केवढी कसरत! पुढे त्या सीलची कवटी त्याला मिळाली आणि चुलतभावांना सोबत घेऊन त्यानं घरातच निसर्ग-इतिहासाचं छोटं संग्रहालय मांडलं.

तेरा-चौदा वर्षांचा असताना वडिलांनी बंदूक घेऊन दिली. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. बरोबरची पोरं ज्या पाखरांवर नेम धरायची, ती पाखरं याला दिसतच नव्हती. नजर अधू होती आणि घरात कुणालाच त्याचा पत्ता नव्हता. चष्मा लागला आणि जग एकदम लख्ख झालं. आपल्याला दिसतं ते पुरं असेलच असं नाही, हे या मुलाला इतक्या लहान वयात कळलं होतं.

दुःख, गुरं आणि पहिलं ग्रिझली

१८८० साली हार्वर्डचं शिक्षण झालं, त्याच वर्षी ॲलिस ली यांच्याशी लग्न झालं. पुढच्याच वर्षी रूझवेल्ट न्यूयॉर्क राज्याच्या विधानसभेवर निवडून गेले. सगळं सुरळीत चाललेलं असताना १४ फेब्रुवारी १८८४ हा दिवस उगवला. एकाच दिवशी, एकाच घरात, आई आणि पत्नी दोघी गेल्या. मुलगी जन्मून दोन दिवस झाले होते. मुलीला बहिणीकडे सोपवून ते पश्चिमेला डाकोटाच्या माळरानावर निघून गेले. तिथं त्यांनी आदल्या वर्षीच गुरांच्या धंद्यात पैसे घातले होते.

त्याच वर्षी सप्टेंबरात ते मेरिफिल्ड या जोडीदाराबरोबर वायोमिंगच्या बिगहॉर्न डोंगरात शिकारीला गेले. तिथं ग्रिझलीचा माग लागला. ग्रिझली म्हणजे अमेरिकेतलं मोठं तपकिरी अस्वल, खांद्यावर उंचवटा असलेलं. दाट झाडीत पाऊल न वाजवता चालत असताना मेरिफिल्ड एकदम गुडघ्यावर बसले. दहाएक पावलांवर ते धूड आपल्या बसल्या जागेवरून उठत होतं. रूझवेल्ट यांनी दोन्ही डोळ्यांच्या मधोमध गोळी घातली. सगळं काही सेकंदांत आटोपलं.

मग प्रश्न आला, हे अस्वल आहे केवढं? काटा जवळ नव्हता. घोड्यावर लादून आणता येईल असं ते जनावर नव्हतं. दोघांनी मिळून अंदाज बांधला तो सुमारे १२०० पौंडांचा, म्हणजे साडेपाच क्विंटलच्या घरात. पुढच्या वर्षी निघालेल्या पुस्तकात रूझवेल्ट यांनी हा आकडा दिला. पण तो देताना, आपल्याकडे वजन करायला काही नव्हतं आणि हा अंदाजच आहे, हेही त्यांनी तिथंच नमूद केलं. वय अवघं २५ वर्षांचं. पहिलंच मोठं अस्वल मारलेला माणूस एवढं कबूल करतो, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती.

अस्वलाचा अंदाज का चुकतो

बाजारात बैलाकडे बघून वजन सांगणारी माणसं गावोगाव असतात. कापसाच्या ढिगाकडे बघून क्विंटल सांगणारेही असतात. त्यांचा अंदाज बऱ्याचदा जुळतो, कारण रोज बघणं असतं आणि शेवटी काट्यावर खरं-खोटं होतं. अस्वलाचं तसं नाही. ते एकटं फिरतं, त्यामुळे शेजारी ताडून बघायला दुसरं अस्वल नसतं. हरणाला, सांबराला शिंगं असतात, त्यावरून वय आणि आकार कळतो. अस्वलाला शिंगं नाहीत. अंगावर केसांचं जाडजूड पांघरूण, त्यामुळे आतलं अंग केवढं ते कळत नाही. मागच्या दोन पायांवर उभं राहिलं की ते एकदम दुप्पट वाटतं. त्यात धुकं, कातरवेळ आणि बघणाऱ्याच्या पोटातली भीती. भीतीनं जनावर नेहमी मोठंच दिसतं.

वजनाचंही एकसारखं नसतं. थंड मुलखातलं अस्वल पावसाळ्यानंतर, हिवाळ्याच्या तोंडावर चरबीनं भरलेलं असतं. हिवाळाभर गुहेत झोपून वसंतात बाहेर येतं तेव्हा चौथा हिस्सा वजन उतरलेलं असू शकतं. म्हणजे तेच अस्वल दोन ऋतूंत दोन वजनांचं.

म्हणून जाणते शिकारी काही खुणा बघतात. कान हा सगळ्यात मोठा पुरावा. अस्वल वाढतं तसं डोकं रुंद होत जातं, कान मात्र फारसे वाढत नाहीत. म्हणून कान मोठे आणि डोक्याच्या वर उभे दिसले, तर ते अस्वल लहान. कान बारीक आणि डोक्याच्या दोन बाजूंना लांब लांब दिसले, तर ते मोठं. लहान अस्वल उंच पायांचं, हडकुळं वाटतं. मोठ्याचं पोट जमिनीला टेकायला आल्यासारखं दिसतं आणि पाय आखूड वाटतात. लहान अस्वल चपळ, सारखं इकडंतिकडं बघणारं. मोठा नर कुणाची फिकीर नसल्यासारखा डुलत चालतो. पुढच्या पंजाच्या ठशाचाही एक ढोबळ हिशेब आहे. ठशाची रुंदी इंचात मोजायची आणि त्यात एक मिळवायचा, की अस्वलाचं कातडं साधारण तेवढे फूट भरतं.

हे सगळं का बघायचं? अंदाज चुकला तर नुसती फुशारकी खोटी ठरत नाही. मोठा नर समजून मादी मारली जाते, कधी तिच्यामागं पिल्लं असतात. कधी दोन वर्षांचं, अजून न वाढलेलं अस्वल पडतं. गोळी सुटल्यावर जवळ जाऊन बघायचं आणि मग पस्तवायचं, याला काही अर्थ नसतो.

हिवाळ्यानं गुरं नेली

डाकोटात रूझवेल्ट यांचा गुरांचा धंदा फार दिवस टिकला नाही. त्या माळावर गुरं जास्त झाली होती आणि गवत कमी. माळ किती गुरं पोसू शकतो, याचा अंदाज तिथल्या सगळ्याच मालकांचा चुकला. १८८६ च्या उन्हाळ्यात पाऊस नव्हता, त्यामागून आलेल्या हिवाळ्यात बर्फाची वादळं सुटली. वसंतात बर्फ वितळलं तेव्हा ओढ्यानाल्यांत गुरांचे सांगाडे होते. रूझवेल्ट यांची अर्ध्याहून अधिक गुरं गेली. दावणीची चार जनावरं दगावली तरी घर बसतं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना हा फटका सांगायला नको.

याच काळात त्यांच्या डोळ्यांसमोर गवे-बायसन जवळपास संपले होते. डिसेंबर १८८७ मध्ये त्यांनी जॉर्ज बर्ड ग्रिनेल आणि इतर शिकारी मित्रांना एकत्र करून बून अँड क्रॉकेट क्लब सुरू केला. शिकार करायची तर जनावराला निसटायची संधी ठेवून करायची, आणि जंगलं व जनावरं टिकवण्यासाठी कायदे व्हावेत म्हणून धडपडायचं, असा या क्लबचा आग्रह होता.

पुढे आयडाहोच्या डोंगरात एकटं फिरत असताना एका जखमी ग्रिझलीनं सरळ अंगावर धाव घेतली. पंजा अगदी थोडक्यात हुकला. तरीही १८९३ च्या पुस्तकात त्यांनी ग्रिझली म्हणजे माणूस दिसला की धावून येणारा राक्षस, असं रंगवलं नाही. बहुतेक अस्वलं माणसाला टाळतात आणि त्यांच्या वजनाचे जे आकडे लोक सांगतात ते बरेचसे फुगवलेले असतात, असंच त्यांचं मत होतं.

काटा बरोबर आला

१९०१ च्या सुरुवातीला, उपराष्ट्राध्यक्षपदाची शपथ घ्यायच्या थोडं आधी, ते कोलोरॅडोत कुगरच्या शिकारीला गेले. कुगर म्हणजे तिकडचा डोंगरी सिंह, आपल्या बिबट्याएवढा. या खेपेला मारलेल्या जनावरांची वजनं आणि लांबी त्यांनी पद्धतशीर नोंदवली. एकूण १४ कुगर मिळाले. त्यातला सगळ्यात मोठा नर ८ फूट लांब आणि २२७ पौंड भरला. कवट्या त्यांनी वॉशिंग्टनला सी. हार्ट मेरियम या प्राणिशास्त्रज्ञांकडे पाठवून दिल्या. त्या मोठ्या नराची कवटी पुढे कित्येक दशकं विक्रमाच्या यादीत सर्वांत वर होती. तिची जागा गप्पांनी ठरलेली नव्हती, मापानं ठरलेली होती.

सप्टेंबर १९०१ मध्ये राष्ट्राध्यक्ष मॅककिन्ली यांची हत्या झाली आणि १४ तारखेला वयाच्या ४२ व्या वर्षी रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष झाले.

मिसिसिपीतलं ते अस्वल

नोव्हेंबर १९०२. मिसिसिपी राज्यातल्या ऑनवर्ड या ठिकाणाजवळ अस्वलाच्या शिकारीचा बेत ठरला. वाटाड्या होते होल्ट कोलियर. हे कृष्णवर्णीय गृहस्थ गुलामगिरीत जन्मलेले, वयाची पन्नाशी ओलांडलेले, आणि त्या भागातल्या जंगलाची खडान् खडा माहिती असलेले. आयुष्यात त्यांनी तीन हजारांवर अस्वलं मारली असं सांगतात. कुत्री सोडून अस्वलाला झाडीतून बाहेर काढायचं आणि राष्ट्राध्यक्षांच्या समोर आणायचं, असं ठरलं होतं.

रूझवेल्ट नेमून दिलेल्या जागी तासन् तास थांबले. दुपार झाली तशी जेवायला तळावर गेले. नेमकं तेव्हाच अस्वल आलं. कुत्र्यांनी त्याला पाणथळीत घेरलं. अस्वलानं एका कुत्र्याला पकडून मारलं. कुत्री वाचवायची आणि अस्वल जिवंतही ठेवायचं, अशा पेचात कोलियर सापडले. त्यांनी बंदुकीच्या दस्त्यानं अस्वलाच्या डोक्यावर घाव घातला, दोर टाकला आणि झाडाला बांधलं. मग शिंग फुंकून पाहुण्यांना बोलावणं पाठवलं.

रूझवेल्ट आले. बांधलेलं, जखमी, दमलेलं जनावर पाहिलं आणि गोळी घालायला नकार दिला. मात्र ते अस्वल सोडून दिलं गेलं, असं जे आज सांगतात ते खरं नाही. ते इतकं जखमी होतं की त्याचे हाल थांबवा असं त्यांनी सांगितलं, आणि बरोबरच्या एकानं सुरीनं ते संपवलं.

१६ नोव्हेंबरला वॉशिंग्टन पोस्टमध्ये क्लिफर्ड बेरीमन यांचं व्यंगचित्र छापून आलं. पाठ फिरवून हात आडवा धरलेले राष्ट्राध्यक्ष आणि दोरानं बांधलेलं, घाबरलेलं अस्वल. लोकांना ते भारी आवडलं. बेरीमन पुढेही ते अस्वल काढत राहिले आणि प्रत्येक वेळी ते जास्त लहान, जास्त गोंडस होत गेलं. ब्रुकलिनमधल्या मॉरिस आणि रोझ मिचटम या दुकानदार जोडप्यानं कापडाचं अस्वल शिवून दुकानात ठेवलं. त्याच सुमारास जर्मनीत श्टाइफ कंपनीनंही असंच अस्वल केलं. टेडीचं पीक तेव्हापासून जे आलं ते अजून थांबलेलं नाही.

अशा रीतीनं क्विंटलभराचं अस्वल मांडीएवढं झालं. अंगावरच्या जखमा आणि शेवटची सुरीही गोष्टीतून गेली. ज्यांनी जीव धोक्यात घालून दोर टाकला त्या होल्ट कोलियर यांचं नावही कितीतरी वर्षं लोकांना ठाऊक नव्हतं. दुरून बघणारा अस्वल मोठं करून सांगतो, तसं गोष्ट सांगणारा कधी कधी ते लहानही करतो. दोन्हीकडे माप चुकतंच. गंमत म्हणजे टेडी हे नाव खुद्द रूझवेल्ट यांना मुळीच आवडत नसे.

नंतरची वर्षं

१९०५ च्या वसंतात राष्ट्राध्यक्ष पुन्हा कोलोरॅडोत गेले. त्या खेपेला पथकाला १० अस्वलं मिळाली. त्यातलं एक मोठं काळं अस्वल नुकतंच हिवाळी झोपेतून उठलेलं, अंगानं उतरलेलं. काट्यावर ते सुमारे ३३० पौंड भरलं, म्हणजे दीड क्विंटल. १९०७ मध्ये लुइझियानाच्या वेतांच्या बेटात, होल्ट कोलियर यांच्याच सोबतीनं, त्यांना एक मादी मिळाली. ती २०० पौंडांच्या थोडी वर होती. राष्ट्राध्यक्षांनी मारलेलं अस्वल ५०० पौंडांचं होतं असं छापलं असतं तर तपासायला कोण जाणार होतं? पण त्यांनी जे भरलं तेच लिहिलं.

त्याच १९०७ साली त्यांनी प्राण्यांबद्दल मनाला येईल ते लिहून खऱ्या निरीक्षणाच्या नावावर खपवणाऱ्या लेखकांवर जाहीर टीका केली. देशाच्या प्रमुखानं असल्या वादात पडावं का, असंही लोक म्हणाले. पण पोरांच्या शाळेत खोटं जंगल शिकवलं जाऊ नये, हे त्यांना महत्त्वाचं वाटत होतं.

त्यांच्या कारकिर्दीत १५० राष्ट्रीय वनं, ५१ पक्षी राखीव क्षेत्रं, ५ राष्ट्रीय उद्यानं आणि १८ राष्ट्रीय स्मारकं झाली. सुमारे २३ कोटी एकर जमीन सार्वजनिक संरक्षणाखाली आली. दुसरी बाजूही सांगायला हवी. पद सोडल्यावर १९०९ मध्ये ते संग्रहालयासाठी नमुने गोळा करायला आफ्रिकेत गेले. तिथं त्यांनी आणि मुलगा कर्मिट यानं मिळून ५१२ जनावरं मारली. हा आकडा त्यांनी स्वतःच यादी देऊन छापला. आज तो वाचताना अंगावर येतो, आणि यायलाच हवा.

डाव्या डोळ्याची दृष्टी राष्ट्राध्यक्ष असतानाच मुष्टियुद्धाच्या सरावात गेली होती. ६ जानेवारी १९१९ रोजी न्यूयॉर्कजवळच्या सॅगमोर हिल या घरी झोपेतच त्यांचं निधन झालं. वय ६० वर्षं.

हाड खोटं बोलत नाही

त्यांच्या पश्चात, १९३२ साली बून अँड क्रॉकेट क्लबचं पहिलं विक्रमांचं पुस्तक निघालं आणि १९५० मध्ये मोजणीची पक्की पद्धत ठरली. अस्वलाचं वजन त्यात धरत नाहीत, कातड्याची लांबीही धरत नाहीत. वजन ऋतूप्रमाणे बदलतं, कातडं ओढलं की वाढतं. कवटी साफ करून निदान ६० दिवस वाळवतात, मग तिची लांबी आणि रुंदी इंचाच्या सोळाव्या भागापर्यंत मोजून बेरीज करतात. सीलची कवटी जपून ठेवणाऱ्या त्या मुलाला हे पटलं असतं.

मिसिसिपीतलं ते अस्वल ज्या लुइझियाना काळ्या अस्वलांच्या जातीचं होतं, ती जात पुढे इतकी घटली की १९९२ मध्ये तिला धोक्यातली म्हणून संरक्षण द्यावं लागलं. संख्या सावरल्यावर २०१६ मध्ये ती त्या यादीतून बाहेर आली. २००४ साली मिसिसिपीतल्या एका वन्यजीव आश्रयस्थानाला होल्ट कोलियर यांचं नाव मिळालं.

आपल्याकडे मेळघाटात, बुलढाण्यात, चंद्रपूर-गडचिरोलीच्या पट्ट्यात अस्वल आहेच. मोहफुलांच्या दिवसात माणसाची आणि त्याची गाठ पडते. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं त्याची शिकार बंद आहे, त्यामुळे केवढं आहे हे बंदुकीसाठी बघायची गरज उरलेली नाही. पण पारावर बसून सांगताना कालचं अस्वल आज बैलाएवढं होऊ नये, एवढं तरी बघता येईल. भीती वाढली की लोक त्याच्या मागं काठ्या घेऊन लागतात, आणि त्यात माणूसही जातो, अस्वलही जातं.